मोकळा सरवा

सोयाबीन निघालं की रामराव आपली बैलजोडी रिकाम्या शेतात सोडत. बैल शिरले म्हणजे मालकाचं काम संपलं, खाली सांडलेलं आता वेचणाऱ्याचं, असा अनसिंगकडच्या त्या शिवारात रिवाज होता. या वेचणीला सरवा म्हणतात. तांड्यावरच्या बाया लांबून बैल बघत आणि चुंगड्या, म्हणजे लहान पोती, घेऊन येत. कोणी कोणाला विचारत नसे. विचारलं असतं तर रामरावांनाच कसंसं झालं असतं.

यंदा ते शेत त्यांनी फुलचंद व्यापाऱ्याला गुढीपाडव्यापर्यंत मक्त्यानं दिलं होतं. फुलचंदचं हार्वेस्टर येऊन गेलं आणि दुसऱ्या दिवशी रामरावांनी सवयीनं बैल सोडले. शेत यंदा आपल्याकडे नाही, हे त्यांच्या हातांना बहुधा ठाऊक नव्हतं.

बैल दिसले तशा बाया आल्या. फुलचंदचा राखणदार मोटरसायकलवरून ओरडत आला, तेव्हा बाकीच्या पळाल्या. गोमतीबाई पळाली नाही. आपण काही केलंच नाही तर पळायचं कशाला, असं तिला वाटलं असावं. राखणदारानं तिला अर्ध्या चुंगडीसकट ठाण्यात नेलं.

ठाण्यातून निरोप आल्यावर रामराव पोचले, तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली होती. फुलचंद खुर्चीवर होता. त्यानं रामरावांसाठीही खुर्ची ओढली, चहा मागवला. गोमतीबाई आल्यापासून एकच सांगत होती म्हणे : चुंगडी ठेवून घ्या, पण चोर लिहू नका. इंग्रजांच्या काळात तिच्या आजाला, नुसता तांड्यात जन्मला म्हणून, ठाण्यात हजेरी द्यावी लागे. तिच्या घरातलं कोणी त्यानंतर ठाण्याची पायरी चढलं नव्हतं.

जमादार सौम्य माणूस होता. सगळं रामरावांच्या शब्दावर आहे, असं म्हणाला.

"काका, तुम्ही हिला परवानगी दिली होती काय?"

रामरावांना खोटं बोलायचं नव्हतं. "तशी परवानगी कोनी देत नसते, साहेब."

जमादारानं लिहिलं : परवानगी दिली नव्हती. वाक्य खरंच होतं. ते खोडा असंही म्हणता येईना.

गोमतीबाईनं पहिल्यांदा वर पाहिलं. "मालक, वावरात बैल कोनाचे होते?"

फुलचंदही त्यांच्याकडे बघू लागला. पुढच्या सालचा मक्ता त्याच्याच हातात होता. रामरावांनी कप खाली ठेवला.

"माहे," ते म्हणाले. "म्याच सोडले. बैल सोडले म्हंजे सरवा मोकळा असते."

फुलचंद हसला. "भाऊ, पाडव्यापर्यंत वावर माहं हाय. कोनाचा सरवा मोकळा करून राह्यले तुमी?" मग जमादाराला म्हणाला, "बैलांची तक्रार नाही आपली. मुकं जनावर ते."

"बैलानं खाल्लं तं चालते," गोमतीबाई हळूच म्हणाली. "म्या उचललं तं कलम लागते."

गुन्हा दाखल झाला. तिला सोडलं आणि तारखेला बोलावलं. दिवाळीनंतर ती तांड्याबरोबर ऊसतोडीला निघून गेली.

पुढच्या साली रामरावांनी शेत स्वतः पेरलं. पीक निघालं, बैल सोडले. बाया आल्या नाहीत. त्या लांबून, डांबरी रस्त्यानं जाताना दिसल्या. सगळ्यांत मागे गोमतीबाई होती. रामराव धुऱ्यावर, शेताच्या बांधाशी, गेले आणि त्यांनी हाक मारली, वावर यंदा माहं हाय, या नं सरवा वेचाले.

ती थांबली. "लेहून देता काय, मालक?"

त्यांनी हो म्हणून मान हलवली. ती पुढे गेली.

दुपारी ते कागद घेऊन बसले. 'सरवा वेचण्यास परवानगी देतो' असं लिहिलं आणि थांबले. सांडलेलं त्या बायांचंच असे. आता परवानगी दिली, की ते पहिल्यापासून आपलं होतं आणि त्यांचं कधीच नव्हतं, असं ठरत होतं. न द्यावी तर त्या चोर ठरत होत्या. दोन-तीनदा खोडून पाहिलं. त्यांना दुसरं वाक्य सापडलं नाही.

ते शेतात परत आले. उन्हानं सुकलेल्या शेंगा तडकत होत्या, कधी इकडे, कधी तिकडे. प्रत्येक आवाजाला मागे कोणी वाकलंय असं वाटून रामराव वळत. पिकाच्या ओळींमध्ये कोणी नसे. दाणे पिवळे, टपोरे, जिथं पडले तिथं पडून असत. अंधार पडायला आला तरी ते वळून बघतच राहिले. एकदा तर त्यांनी हलक्या आवाजात, "घ्या वं," असंही म्हटलं.