बाटलीवरची तारीख

चूक माझीच. आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी उगाच तर्क लढवायला नको.

कॉलेजची रसायनांची खोली मी बावीस वर्षं सांभाळतोय. तारखांच्या बाबतीत मी खडूस, असं पोरं म्हणतात. म्हणू देत! टीएचएफची बाटली उघडली की त्या दिवसाची तारीख वर लिहायचीच. दिसायला पाणी, चार कार्बन आणि एका ऑक्सिजनचं कडं. कित्येक प्रयोगांना विरघळवायला तेच लागतं. पण हवा लागली की गुपचूप आत पेरॉक्साइड धरतं, आणि तसलं जुनं टीएचएफ कोरडं होईपर्यंत तापवलं की स्फोट.

सोमवारी एका बाटलीचं लेबल पुसट दिसलं. काढलं, नवं चिकटवलं. हात सवयीने चालला आणि त्याच दिवसाची तारीख घातली. बाटली उघडून झालं होतं दीड वर्ष.

आज दुपारी जुनं लेबल टेबलाखाली सापडलं, त्यावरची तारीख वाचली आणि चूक कळली. वही पाहिली. बाटली नेली होती माझ्या भाचीने, सकाळीच, तिसऱ्या मजल्यावर, डिस्टिल करायला, म्हणजे तापवून शुद्ध करायला.

पळालो. गुडघे बोंबलत होते, बोंबलू देत. ताईला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात. "तुझ्या नजरेखाली राहील" म्हणून तिने लेकीला इथे घातलं होतं.

दार ढकललं. भाची फ्लास्कवर वाकलेली. तळाला जेमतेम चमचाभर उरलेलं.

"बाहेर हो! आत्ताच्या आत्ता!"

"थांब ना मामा, दोनच मिनिटं..."

"खड्ड्यात गेली तुझी दोन मिनिटं! चल!"

दाराजवळच्या बोर्डावरून हीटर बंद केला, तिला दंडाला धरून ओढतच बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. जिन्यापाशी दोघं उभे. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली, काही झालं नाही.

मग तिला सगळं सांगितलं. लेबल, तारीख, सगळं. वाटलं, चिडेल, चार शब्द सुनावेल. निदान सुनावावेत तरी!

तिने कोटाच्या खिशातून पेरॉक्साइड तपासायची कागदी पट्टी काढली. कोरी, न वापरलेली.

"बुडवणारच होते रे मामा. मग लेबलावर तुझं अक्षर दिसलं. म्हटलं, आता कशाला."