बारावं फडकं

आमच्या जमिनीत काही सडत नाही. हे मला केळीच्या सालींनी शिकवलं. दोन वर्षांपूर्वी खत होईल म्हणून चार नंबरच्या शेडमागे मी साली पुरल्या होत्या. परवा खणलं तर साली तशाच. काळ्या पडलेल्या, वाळलेल्या, पण साली त्या सालीच. अळी नाही, बुरशी नाही, वाससुद्धा नाही. दिरांना नेऊन दाखवल्या.

"स्वच्छ जमीन आहे, वहिनी," ते म्हणाले. "किडा नाही म्हणजे रोग नाही."

"मग ऑपरेशनं करू या इथे," मी म्हटलं. माझ्या जिभेला हाड नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

सहा शेड, सहांतही ढोबळी मिरची, बाराही महिने. एक पीक निघालं की दुसरं लावायच्या आधी वाफ्यांवर प्लास्टिकचा कागद अंथरायचा, कडा मातीत दाबायच्या आणि मातीतले किडे-बुरशी मारायला खालून विषारी गॅस सोडायचा. दहा दिवस दाराला कुलूप. दहा दिवसांनी कागद काढला की खाली असते ती माती म्हणजे नुसता भुगा. मग ठिबकच्या नळीतून खतपाणी द्यायचं, आणि मिरच्या अशा लालबुंद येतात की बघत राहावं. गॅसचं काम पूर्वी माझा नवरा आणि दीर मिळून करायचे. आता एकटे दीर करतात. कामगार त्यांना गॅसमास्तर म्हणतात.

नवरा चार वर्षांपूर्वी निघून गेला. म्हणजे दीर म्हणाले की निघून गेला. सकाळच्या पहिल्या गाडीने, बॅग घेऊन, कुणाला न सांगता. मला खोटं वाटलं नाही, कारण महिन्यातून एकदा तरी तो "एक दिवस जातो बघ सगळं सोडून" असं म्हणायचाच. आदल्या संध्याकाळी आमच्या मुलीने त्याच्याशी कडाक्याचं भांडण केलं होतं. तेरा वर्षांची होती. "तुम्ही नसलात तरी चालेल," असं ती त्याच्या तोंडावर म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी तो खरंच नव्हता. तेव्हापासून माझी पोर जेवढ्यास तेवढं बोलते. आता सतरा वर्षांची आहे, सुट्टीत पॅकिंगला बसते. गेल्या वर्षी एकदाच तिने विचारलं, "आई, माझ्यामुळेच गेले ना?" मी नाही म्हटलं. पण पुढे काय सांगणार? मलाच माहीत नव्हतं. मी त्या माणसाला रोज शिव्या घातल्या. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, चार वर्षं.

या वर्षी मिरची आतून पोकळ आणि पातळ निघायला लागली, तेव्हा माती तपासणारी एक बाई सल्ला द्यायला आली. तिने पांढऱ्या सुती कापडाचे बारा चौकोन दिले. प्रत्येक शेडमध्ये दोन, वीतभर खोल पुरायचे आणि दोन महिन्यांनी काढायचे.

"जिवंत माती कापड खाते," ती म्हणाली. "चांगल्या जमिनीत नुसती कडेची नायलॉनची शिवण उरते."

दिरांनी लगेच सांगितलं, "सहा नंबरचा शेवटचा वाफा सोडा. तिथे क्षार आलेत, काही लावत नाही आपण."

बाईने दिलेल्या नोंदीच्या कागदावर बारा फडक्यांच्या बारा चौकटी होत्या. एक रिकामी ठेवायची म्हणजे माझ्या जिवाला चैन पडणार नाही. दीर माल पोचवायला गेले तेव्हा बारावं फडकं मी त्याच वाफ्यात पुरलं आणि काडी रोवली.

काल दुपारी फडकी काढली. पहिलं निघालं ते पांढरं शुभ्र. झटकलं तर घडी घालून कपाटात ठेवावं असं. दुसरं तसंच, तिसरं तसंच. अकराव्यापर्यंत सगळी तशीच. दोन महिने मातीत राहून एका धाग्यालाही कुणी तोंड लावलं नव्हतं. शेडमध्ये पंख्यांचा आवाज होता, बाकी माशीसुद्धा नव्हती.

सहा नंबरच्या शेवटच्या वाफ्यात काडी आडवी पडली होती. वीतभर खणलं, फडकं नाही. आणखी खणलं, तरी नाही. काय सांगू, मला आनंद झाला. म्हटलं, खाल्लं! चार वर्षं ज्या वाफ्याला कुणी हात लावला नाही तिथे माती जिवंत झाली! शिवण तरी सापडेल म्हणून मी खणत राहिले. माती फारच भुसभुशीत होती. कुणीतरी नुकतीच उकरून परत भरल्यासारखी. हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

फडकं सापडलं गुडघाभर खोल. पांढरं शुभ्र. ते निळ्या शर्टाच्या बाहीवर पडलं होतं, आणि बाहीत हात होता.

हाताने माती बाजूला केली. मनगट आलं, खांदा आला, मग चेहरा. कातडी चामड्यासारखी ताठ झालेली, एवढंच. दाढीचे खुंट तसेच. भुवईवरची खूण तशीच. तो अडतीसचा होता तेव्हा गेला. अडतीसचाच होता. मी बेचाळीसची झाले. माझा नवरा माझ्यापेक्षा लहान दिसत होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी तर चार वर्षं या वाफ्यावरून रोज पाण्याची झडप उघडायला जात होते.

दीर दारात कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही. त्यांनी पळायचा प्रयत्न केला नाही. खाली बसले, वाफ्याच्या कडेला, माझ्यासमोर.

"त्या पहाटे गॅसवरचा कागद फाटला होता," ते म्हणाले. "दादा म्हणाला दोन मिनिटांचं काम आहे, मास्क कशाला. मी तासाने आलो, वहिनी. तोवर संपलं होतं. आपल्याकडे गॅसचा परवाना नव्हता. सगळं बंद झालं असतं. बॅग मीच भरून गायब केली. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"वाटलं, माती होईल. माती झाली की तुम्हाला सांगेन."

ते बोलतच सुटले, कुणी विचारलं नव्हतं तरी.

"दर वर्षी उकरून बघतो. दर वर्षी तसाच. या वाफ्याला पुन्हा गॅस दिला नाही. शेणखत आणून घातलं. गांडुळं आणून सोडली, ती दुसऱ्या दिवशी वर येऊन मेली. गेल्या महिन्यातही बघितलं. वहिनी, तो तसाच आहे हो. माझ्याकडे बघतो."

मला राग यायला हवा होता. आला, नाही असं नाही. कुदळ हाताशीच होती, आणि ती त्यांनाही दिसत होती. दुसऱ्या कुठल्याही माणसाने, दुसऱ्या कुठल्याही शेतात पुरलं असतं तर माझा नवरा मला कधीच सापडला नसता. आमच्या गॅसमास्तरांनी स्वतःच्या हाताने मारलेल्या जमिनीवर भरवसा ठेवला.

"फोन लावा," मी म्हटलं. "पोलिसांना. माझ्यासमोर लावा."

त्यांनी लावला. बोलताना आवाज फुटत होता, पण शेड नंबर नीट सांगितला.

तेवढ्यात मुलगी आली, पॅकिंगची टोपी घालूनच. "आई, पेट्या संपल्या गं," म्हणत आत आली आणि थबकली. मी उठून तिला अडवणार होते. कुठलीही आई अडवेल. दीरही हात पुढे करून म्हणाले, "तिला नका बघू देऊ."

मग माझ्या मनात आलं, की काही दिसलं नाही तर ही पोर जन्मभर तेच विचारत राहील.

"ये," मी म्हटलं. "बाबा आहेत. ते कुठेही गेले नव्हते, बाळा."

ती पावलापावलाने जवळ आली. खड्ड्याशी गुडघ्यांवर बसली. मग तिने टोपी काढली, त्याच्या शर्टाच्या कॉलरवरची माती बोटाने झटकली, आणि चार वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने रडायला लागली.