हात लावू नये

मी एक जुना शेवाळाचा पुंजका आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. ते काम सध्या माझ्याकडे आहे.

ओल्या जंगलात, आडव्या पडलेल्या एका खोडावर मी वाढलो. मला मुळं नाहीत. धुकं, दव, जे अंगावर पडेल ते पानांनीच पितो. खाऊनपिऊन सुखी होतो म्हणा. मग एक दिवस दातांच्या डॉक्टरांची मेहुणी आली. ती सजावटीची कामं घेते. तिने मला सुरीने खरवडलं, पोत्यात कोंबलं आणि भावोजींच्या वेटिंग रूममध्ये एका उघड्या काचेच्या पेटीत मांडलं. वर पाटी लावली, 'हात लावू नये.'

"बघा भावोजी, पेशंटना कसं शांत वाटेल!"

पेशंटना वाटलं असेल. मला किळस यायची. बधिर गालांची माणसं पेटीवर वाकून मला न्याहाळायची आणि त्यांची लाळ माझ्यावर ठिबकायची. कोणी रक्ताळलेला कापूस माझ्यात खोचला, कोणी चघळून झालेलं च्युइंगम. वास येऊ लागला तेव्हा रिसेप्शनवरच्या बाईंनी गुलाबाच्या सेंटचा फवारा मारला. मित्रांनो, जो अंगानेच पितो, त्याच्या हा गुलाब नाकात नाही, थेट पोटात जातो. शी!

साधं पाणी मात्र कोणी देईना. मी आखडलो, तपकिरी पडलो.

"मेलं हे," डॉक्टर म्हणाले. "मावशी, जाताना कचऱ्यात टाका."

झाडलोट करणाऱ्या मावशींनी मला बोटाने चाचपलं. "मेलंय कुठलं? तहानलंय."

"मावशी, इथे डॉक्टर कोण आहे?"

"तुम्हीच. पण दातांचे," म्हणत मावशींनी मला स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवलं.

दहा मिनिटांत मी हिरवागार! आम्ही वाळतो, पण इतक्या लवकर मरत नाही. मला वाटलं, सुटलो.

"अरे वा!" डॉक्टरांनी टाळी वाजवली. "एवढं चिवट आहे? मग सगळी भिंतच करून टाकू." लगेच मेहुणीला फोन. "दहा पोती आण."

"एक दात वाचला म्हणून कुणाची बत्तिशी उपटून आणायची का हो?" मावशींनी विचारलं.

डॉक्टर पोट धरून हसले. दिवसभर तो विनोद प्रत्येक पेशंटला ऐकवला. पोती नकोत म्हणून मेहुणीला फोन मात्र केला नाही.

सोमवारी पोती आली. तोंडं सुटली आणि ओळखीचा वास आला. आमच्याच खोडाचा. मी हिरवा झालो नसतो, तर बाकीचे तिथेच राहिले असते. लाळेची किळस बादलीभर पाण्याने गेली. स्वतःची कशाने जावी?

मित्रांनो, जंगलात जरूर या. वाकून बघा, पण हात खिशात ठेवा. आणि कोणी सुकलेलं दिसलं, तर आधी पाणी द्या, मेल्याचं निदान मागाहून करा.

पाटी अजून आहे. मावशी ती रोज पुसतात. अक्षर ठळक, मजकूर उत्तम. फक्त ती लावायची होती जंगलाच्या वाटेवर.