मोगऱ्यासाठी आणलेला कवडसा

मी एक जुना आरसा आहे. उंच, लाकडी चौकटीचा, आणि खालच्या कोपऱ्यात पारा उडालेला. मित्रांनो, आरसा म्हटले की तुम्ही लगेच केस विंचरायला धावाल. पण माझ्यात आता चेहरा धड दिसत नाही. तुम्ही नुसते ऐका.

माझी उमेदीची वर्षे एका शिंप्याच्या दुकानात गेली. नवा कोट घालून गिऱ्हाईक माझ्यासमोर उभे राही, पोट आत घेई, आणि श्वास सोडताच बटण ताणले की दोष शिंपीकाकांना देई. काका ऐकून घेत, पण माप पुन्हा घेत नसत. एकदा घेतलेले माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हा त्यांचा बाणा होता. मला मात्र ते रोज सकाळी स्वतःच्या हाताने पुसत.

पुढे त्यांची नजर अधू झाली आणि दुकान बंद पडले. मी घरी आलो व पलंगामागे भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. त्या पलंगावर काकू, म्हणजे काकांची बायको, आजारी पडून होत्या. त्यांच्या खिडकीबाहेर मागचे अंगण होते. तिन्ही बाजूंनी उंच इमारती उठल्या होत्या आणि ऊन खाली उतरणेच विसरले होते. तिथल्या मातीत काकूंनी फार पूर्वी लावलेला मोगरा उभा होता. शेवटची इमारत झाली, तेव्हापासून त्याला एक फूल आले नव्हते.

एके दिवशी डॉक्टरांनी काकांना बाहेर नेऊन सांगितले, आता फार आशा धरू नका. काकांनी मनाशी ठरवले, ही जाण्याआधी हिला मोगरा फुललेला दाखवायचा. काकूंनी परोपरीने सांगितले की सावलीत जगेल ते लावा, नेचे लावा, ओल आहे तर छान वाढतील. पण काका ऐकतात कसले! त्यांनी मला बाहेर काढले, शिडीवरून खिडकीसमोरच्या भिंतीच्या माथ्यावर चढवले. तिथे दुपारी थोडे ऊन येई. ते मी खाली टाकू लागलो. कवडसा मोगऱ्यावर पडताच काकांनी मोगऱ्यामागच्या भिंतीवर शिंप्याच्या खडूने कवडशाभोवती रेघ मारली, माझे स्क्रू घट्ट पिळले आणि म्हणाले, माप बसले.

खरेच बसले होते. मोगऱ्याला पालवी फुटली, मग कळ्या धरल्या. शेजारीपाजारी खिडक्यांतून माझे कौतुक करू लागले. मी फुगलो होतो, खोटे कशाला बोलू?

त्याच दिवसांत काकू एकदा म्हणाल्या, "अहो, तो उजेड जरा इकडे फिरवा ना. पायांवर येऊ दे माझ्या. गार पडलेत."

"मग मोगऱ्याचं काय? आत्ता कुठे कळ्या धरल्यात," काका म्हणाले. "तो फुलू दे, मग तुझ्याकडे फिरवतो."

काकूंनी बरं म्हटले आणि चादर पायांवर ओढून घेतली.

ऋतू बदलला, सूर्य कलला. माझा कवडसा हळूहळू मोगऱ्यावरून सरकून कोऱ्या भिंतीवर जाऊ लागला. खडूची रेघ होती तिथेच होती, आणि काकांचा विश्वास त्या रेघेवर. त्यांच्या अधू नजरेला फरक कळेना. ते खत घालत, पाणी घालत, रोपालाच बोल लावत. वरून मला सगळे दिसत होते. पण आरशाला तोंड असले तरी वाचा नसते. कळ्या तांबूस पडल्या आणि न उमलताच गळल्या.

शेवटी काकूंनीच त्यांना भिंत दाखवली. "सूर्य काय तुमचं गिऱ्हाईक आहे, एकदा माप घेऊन भागायला?" त्या म्हणाल्या आणि हसल्या. मी त्यांना त्यानंतर हसताना पाहिले नाही. काका शिडी आणायला वळले, पण आभाळ भरून आले. ते कित्येक दिवस उघडलेच नाही. टाकायला माझ्याकडे ऊनच नव्हते. त्या मळभातच काकू गेल्या.

पुढे ऊन परतले. काका शिडी चढले आणि त्यांनी मला मोगऱ्याकडे फिरवले. मोगरा तोवर वाळून काडी झाला होता. त्यांनी मला खिडकीकडे वळवले. तेव्हापासून सूर्य जरा सरकला की ते वर येतात, स्क्रू सैल करतात, पुन्हा माप घेतात. कवडसा पलंगाच्या पायथ्याशी अचूक पडतो. तिथे गादी गुंडाळून ठेवलेली आहे. पावसापाण्याने माझा पारा सुटत चालला आहे, त्यामुळे हेही काम आता फार दिवस व्हायचे नाही.

मित्रांनो, मला जपा, मला पुसा, असे मी म्हणणार नाही. माझे जे गेले ते गेले. पण तुमच्या घरात कोणी असे सावलीत पडून असेल, तर त्याच्यासाठी धडपडण्याआधी त्याला काय हवे ते विचारा. आमच्याकडे तर विचारायचीही गरज नव्हती. काकूंनी आपण होऊन सांगितले होते.