सीतेच्या वेणीचा वास

बाबासो शेलारांच्या खिडकीला लोखंडी जाळीचा पिंजरा होता आणि त्या पिंजऱ्यात आंब्याच्या फांदीचा एक ओंडका तारेने टांगलेला होता. ओंडक्यावर सीतेची वेणी. म्हणजे दुसऱ्या झाडाच्या अंगावर बसून, मुळं हवेत सोडून जगणारं आणि उन्हाळा सरता सरता गुलाबी-पांढऱ्या फुलांचा घोस खाली सोडणारं झाड. कोपरखैरण्यात ज्याच्या त्याच्या जाळीत तुळस नाहीतर कोरफड. पण राजाबाईचं, म्हणजे बाबासोंच्या बायकोचं, सगळंच जगावेगळं. जावळीतल्या तिच्या माहेरी रस्ता रुंद करताना दारचा आंबा पाडला, तेव्हा भावाशी भांडून तिने ही फांदी एसटीतून मांडीवर घेऊन आणली होती. माहेराकडून दुसरं काही तिने कधी मागितलं नाही.

दरवर्षी फुलं उमलली की ती नवऱ्याला खिडकीशी बोलवायची आणि विचारायची, "अवो, वास आला का?" बाबासो नाक पुढे करायचे आणि म्हणायचे, "येतोय की."

हे धादांत खोटं होतं. वाशीच्या मसाला बाजारात बाबासोंनी सारी उमर माथाडीचं काम केलं होतं, लाल मिरचीची पोती पाठीवर वाहिली होती. मिरचीच्या धुळीने आधी शिंकून शिंकून जीव नकोसा केला, मग शिंका थांबल्या आणि त्यांच्याबरोबर वासही गेला. जळलेलं दूध, उदबत्ती, ओलं धोतर, सगळं एकच झालं. पहिल्या वर्षी राजाबाई इतकी खुशीत होती की 'येत नाही' म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं. एकदा 'येतोय' म्हटल्यावर पुढच्या वर्षी कुठल्या तोंडाने फिरायचं? मग तेच चालू राहिलं.

गेल्याच्या गेल्या दिवाळीत राजाबाई गेली. छातीत कळ आली आणि रिक्षा दारात येईपर्यंत सगळं संपलंही. मुलगा रणजीत पुण्याहून आला, तेरावं होईपर्यंत राहिला आणि म्हणाला, आता तुम्ही आमच्याकडेच चला. बाबासो गेलेही. पण तिथे सगळे सकाळी आपापल्या कामाला जायचे आणि हे सोफ्यावर पाहुण्यासारखे बसून राहायचे. महिन्याभरात परत आले. इथेही एकटेच होते, पण निदान भांडी कुठे आहेत ते माहीत होतं. भात मात्र रोज दोघांचा व्हायचा. माप हातात बसलेलं, ते काही केल्या सुटेना.

असेच एकदा ताटावर बसलेले असताना त्यांचा डोळा ओंडक्यावर गेला. झाडाची मुळं उघडी-वाघडी लोंबत होती. बाबासो जातीचे शेतकरी. मूळ उघडं पडलं की त्यावर माती लोटायची हे त्यांना बापाने चालता येण्याआधी शिकवलेलं. राजाबाईला फुलांची हौस दांडगी, पण शेती तिला कळली नाही, असं म्हणून त्यांना त्या झाडाची दयाच आली. इतकी वर्षं बिचाऱ्याला कुणी मातीला लावलं नाही. त्यांनी गावाहून तांबडी माती मागवली, शेणखत मिसळलं आणि तेलाच्या रिकाम्या डब्यात ते झाड गळ्यापर्यंत पुरलं. वरून प्रेमाने पाणी घातलं. त्या रात्री त्यांना बरी झोप लागली.

पानं पिवळी पडायला लागली तेव्हा बाबासोंनी आणखी खत घातलं.

मग एका रविवारी खालच्या मजल्यावरची उज्वला वर आली. ही बेलापूरला एका ऑफिसात क्लार्क. वरून झाडाचं पाणी वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं म्हणून राजाबाईशी तिची वर्षानुवर्षं भांडणं. भांडण मिटवायला राजाबाई दर उन्हाळ्यात फुलांचा एक घोस सुतळीला बांधून खाली सोडायची, आणि उज्वला तो केसांत माळून ऑफिसला जायची. पाणी पडतच राहायचं. आता दारात उभी राहून ती म्हणाली, "काका, बरे आहात ना? कपड्यांवर पाणीच पडत नाय हल्ली, म्हणून टेन्शन आलं."

डबा बघितला आणि तिने कपाळाला हात लावला. काकी या झाडाला माती दाखवतसुद्धा नव्हत्या, याची मुळं वाऱ्यावर जगतात, ती गाडली तर गुदमरतात, असं ती म्हणाली. बाबासोंना ते पटायला वेळ लागला. पण झाड उपसलं तेव्हा मुळं काळी पडून बोटाला चिकटत होती. उज्वलाने कुजकी मुळं कापून काढली. उरलेलं ओंडक्याला पुन्हा बांधायला मऊ सुती कापड हवं होतं. बाबासोंनी ट्रंकेतून राजाबाईचं रोजच्या वापरातलं लुगडं काढलं आणि पदराला हात घातला. पहिली पट्टी फाडताना जो आवाज झाला तो त्यांना सहन होईना. दुसरी त्यांनी कात्रीने कापली.

त्या उन्हाळ्यात फूल आलं नाही. बाबासो रोज सकाळी तांब्याने ओंडका भिजवायचे आणि झाडाशी बोलायचे नाहीत, कारण काय बोलावं ते त्यांना सुचायचं नाही. आपण मारलं हे, एवढंच डोक्यात यायचं. तिच्या मागे या घरात तिचं एकच जितं-जागतं काही होतं आणि ते आपण दयेपोटी पुरलं. पावसाळ्यात एक नवं मूळ फुटलं, टोकाशी हिरवं. ते बघून बाबासोंना एकट्यालाच हसू आलं. ते सांगायला ते खाली गेले, तर उज्वलाकडे सामानाची बांधाबांध चाललेली. तळोजाला नवा फ्लॅट मिळाला होता. तिने बॉक्सांच्या गर्दीतूनच चहा दिला आणि नवा पत्ता लिहून दिला. तिच्या जागी जे भाडेकरू आले, त्यांचं दार कायम बंद. जिन्यात भेटले तरी कानात वायरी.

यंदा मेअखेरीस झाडाने एक घोस सोडला. एकच, आणि तोही तोकडा, पण सोडला. बाबासो सकाळीच खिडकीशी उभे राहिले. नाक फुलांना टेकवलं. डोळे मिटले. काहीच नाही. नसणारच, ते काय नवीन होतं? पण आता भलतीच शंका त्यांना छळायला लागली. माती-शेणात झाड कुजलं, त्यात वास तर गेला नाही ना? फूल आलं, पण वासाशिवाय आलं असेल तर? तर मग ते राजाबाईचं झाड राहिलंच नाही. आणि हे आपल्याला मरेपर्यंत कळणार नाही. वॉचमनला विचारता आलं असतं. तो म्हणाला असता, हां, छान आहे. त्याला काय ठाऊक, आधीचा वास कसा होता? रणजीत कधी खिडकीशी थांबलेला नव्हता. तो वास ओळखणारं माणूस जगात एकच उरलं होतं आणि ते तळोजाला राहायला गेलं होतं.

त्यांनी घोस देठातून कापला. स्टीलच्या डब्यात ओला रुमाल घातला, त्यात घोस अलगद ठेवला आणि निघाले. बेलापूरहून मेट्रो घेतली. एसी डब्यात, सगळं बंद असताना, त्यांनी झाकण जरासं किलकिलं केलं आणि आजूबाजूच्यांची तोंडं निरखली. समोरच्या बाईने मान वर केली. पण ती पुढचं स्टेशन बघत होती. बाबासोंनी झाकण लावलं.

उज्वला नुकतीच ऑफिसातून आली होती. काकांना दारात बघून तिला आधी भीतीच वाटली. बाबासोंनी डबा तिच्या हातात दिला. तिने झाकण काढलं, वाकली आणि तशीच राहिली.

"तोच आहे, काका," ती म्हणाली. "अगदी तोच." आणि मग डबा त्यांच्यापुढे धरून म्हणाली, "तुम्हाला येतोय ना?"

"येतोय की," बाबासो म्हणाले. सवयच ती.

उज्वलाला हसू आलं आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "काका, काकींना माहीत होतं."

मग तिने सांगितलं. एका वर्षी कळ्या घट्ट मिटलेल्या होत्या, वासाचा पत्ता नव्हता, तेव्हा राजाबाईने मुद्दाम नवऱ्याला बोलावून विचारलं होतं, वास आला का. आणि बाबासो म्हणाले होते, झकास येतोय. त्या दुपारी राजाबाई खाली येऊन पोट धरधरून हसली होती. किती वर्षं ती त्यांचं खोटं नीट जपत होती.

"मग दरसाल इचारायची कशापायी?" त्यांनी शेवटी विचारलं.

"मीपण तेच विचारलं होतं. म्हणाल्या, तेवढ्यासाठी तर मानूस खिडकीपाशी येऊन माज्याजवळ हुबा ऱ्हातो."

बाबासोंनी घोस तिच्याकडेच ठेवला. जेवायला थांबा म्हणून तिने आग्रह केला, पण त्यांना थांबवेना. परत आले तेव्हा तिन्हीसांज झाली होती. घरात दिवा लावायचंही भान राहिलं नाही. राजाबाईची जागा मोकळी सोडून ते खिडकीच्या कडेला उभे राहिले. ओंडक्यावर आता फूल नव्हतं, कापलेलं देठ तेवढं होतं आणि लुगड्याची विरलेली पट्टी. त्यांनी वाट बघितली. कुणी काही विचारलं नाही.

"येतोय की," ते म्हणाले, आणि अंधार पडला तरी तिथेच उभे राहिले.