बाळंत रानाचा अडसर

मी एक जुना अडसर आहे. दाराचा नव्हे, वाटेचा. वस्तीतून रानात जाणाऱ्या पायवाटेवर मला दोन दगडांवर आडवं ठेवतात. मित्रांनो, आडवं पडून राहणं एवढंच माझं काम, आणि तेवढंही तुम्ही मला धड करू देत नाही.

हे रान राखणाऱ्या मावशीच्या वडिलांनी मला वादळात पडलेल्या झाडातून तासलं. या वस्तीत उभं झाड कुणी तोडत नाही. बी रुजायचे दिवस आले की मावशी मला वाटेवर ठेवते. मग कोंब तग धरेपर्यंत वस्तीतलं शेंबडं पोरही आत पाऊल टाकत नाही. त्या कोंबांच्या झाडांवरच पुढे सगळ्यांचं पोट चालतं. रान खुलं झालं की जो तो माझ्यावरून हात फिरवून आत जातो. त्या हातांनीच मी गुळगुळीत झालो. केवढा मान होता मला.

मग पर्यटक आले. कुणी माझ्यावर बसून फोटो काढले, कुणी ओले मोजे वाळत घातले. मी मुकाट सोसलं. परवा मात्र कहर झाला. चार मित्र आले.

"पुढे जाऊ नका, दादा. रान बाळंत आहे," मावशी म्हणाली.

"दोन फोटो काढतो नि निघतो, मावशी. झाडं काय लाजतायत?" कॅमेरेवाला हसला.

"बाळंतिणीच्या खोलीत बूट घालून शिरता का हो तुम्ही?"

"बरं बाई, नाही जात."

मावशीची पाठ वळली आणि चौघेही मला ओलांडून आत. परत आले ते चहाची तल्लफ घेऊन. अख्ख्या रानात सरपण म्हणून त्यांना मीच दिसलो. धूर पाहून मावशी धावत आली, घागर माझ्यावर ओतली. मग तिने वाटेकडे पाहिलं. बुटांखाली कोंबांचा चिखल झाला होता.

"सॉरी मावशी, आम्हाला वाटलं साधं लाकूड आहे."

"साधंच आहे. मी सांगितलं तेही साधंच होतं. तेवढं कळेना, त्याला मी काय करू?"

आता मी एका टोकाला जळून आखूड झालोय. मावशीचा भाचा म्हणाला, "नवा तासतो की." मावशी म्हणाली, "झाड आपणहून पडेल तेव्हा. तोवर हाच."

म्हणून माझ्या शेजारी माणूस सहज जाईल एवढी फट आहे. मित्रांनो, मी तुम्हाला अडवू शकत नाही. तसा कधीच अडवू शकत नव्हतो. वस्तीतली माणसं काही माझ्या ताकदीला भिऊन थांबत नव्हती. तुम्ही पाहुणे आहात. फटीपाशी थांबा, मावशीला हाक मारा. ती नको म्हणाली तर नको.

आणि मोजे आपापल्या घरी वाळवा.