विहिरीपाशी काढलेला फोटो

अश्विनीचे डोळे पिवळे दिसायला लागले, त्याला आज सोळावा दिवस होता. नऊ वर्षांची पोर, पण तिला वरणाचा वासही सोसवत नव्हता. "बाहेरची पाणीपुरी खाल्ली असंन," असं तिच्या बापाने, भूपेंद्रने, ठरवून टाकलं होतं. गल्लीत आणखी चार मुलांना कावीळ झाली होती. त्यांनीही पाणीपुरीच खाल्ली असेल!

मध्य प्रदेशात सौसरहून पांढुर्ण्याकडे जाताना लागणारं बोरपाणी हे त्यांचं गाव. नगर परिषद असलेलं, म्हणून कागदावर शहर. भूपेंद्रचं खत-बियाण्यांचं दुकान होतं, संत्र्याची बाग होती आणि गावविहिरीच्या समोर नवं दुमजली घर होतं. नळाला एक दिवसाआड पाणी येई; पिण्यासाठी सगळी गल्ली विहिरीवरच भरायची.

त्या दुपारी तो खिडकीत उभा होता. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. नगर परिषदेच्या अध्यक्ष करुणाताई एकट्याच विहिरीपाशी आल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, काठावर वाकल्या, पिशवीचं तोंड बांधलं आणि झपाझप निघून गेल्या. आठवड्यातली ही तिसरी खेप!

करुणाताई पलीकडच्या बौद्ध मोहल्ल्यातल्या. पंधरा वर्षं आशा कार्यकर्ती म्हणून घरोघर फिरलेल्या, मग निवडून येऊन अध्यक्ष झालेल्या. भूपेंद्रने त्यांच्याविरुद्ध प्रचार केला होता. त्याने खिडकीतून काढलेला फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'अध्यक्षबाई आपल्या विहिरीवर चोरून काय करून राहिल्या?'

त्याने फक्त एक प्रश्न विचारला होता. पण संध्याकाळपर्यंत त्या प्रश्नाची उत्तरं गावानेच तयार केली. विहीर बुजवून तिथे दुकानं काढणार, असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं, पाण्यात काहीतरी टाकतात, म्हणूनच पोरं बिमार पडून राहिली. शेजारचा गजानन तर घरीच आला. "जुना डाव धरून आहे ते बाई. उद्या ऑफिसात जाऊन जाब विचारू!"

आतल्या खोलीत नातीच्या उशाशी बसलेली त्याची आई कलाबाई हे सारं ऐकत होती. गजानन गेल्यावर ती बाहेर आली.

"कायचा डाव रे भूपेंद्र?"

"माय, तुले नाही समजत. त्या लोकाईच्या मनात राग राह्यते."

"काऊन राह्यते, ते सांग ना." कलाबाई त्याच्यासमोर बसली. "मी नवी नवरी होतो तवा करुणाची आजी या विहिरीवर येऊन दूर उभी राहे. रिकामी घागर घेऊन, उन्हात. आपल्यातलं कोणी वरून ओतलं तर तिले पाणी मिळे, नाही तं तशीच वापस. मीबी कितीकदा पाहून न पाहिल्यासारखं केलं. ते पोरगी बदला घेईन असं तुले वाटते, कारण आपण काय केलं ते तुले मालूम आहे! तिच्या हातात काय होतं, ते तं तू पाह्यलंबी नाही."

 तरी सकाळी भूपेंद्र गेलाच.

नगर परिषदेत पन्नासेक माणसं जमली होती. करुणाताई खुर्चीवरून उठून दारात आल्या.

"मी विहिरीत काही टाकलं नाही. पाणी तपासाले नेलं, पांढुर्ण्याले. पहिला रिपोर्ट खराब आला, म्हणून आणखी दोनदा नेलं."

"मग लपून काऊन नेलं?" भूपेंद्रने विचारलं.

"तुमची विहीर खराब आहे, असं मी म्हटलं असतं तं तुम्ही ऐकलं असतं, भूपेंद्रभाऊ? मी म्हटलं असतं तं?"



"रिपोर्टबी तुम्हीच बनवून आणसान," मागून गजानन म्हणाला.

करुणाताईंनी टेबलाच्या खणातून तपासणीच्या दोन छोट्या बाटल्या काढल्या. "भाऊ, तुमच्या हातानं भरा. एकीत नळाचं, एकीत विहिरीचं. तुमच्याच घरी ठेवा. पाण्यात घाण असली तं एक-दोन दिवसात ते काळं पडते. तवरिक पाणी उकळल्याबिगर पिऊ नका, एवढं हात जोडून सांगतो."

भूपेंद्रने बाटल्या भरल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली खिशात ठेवली. बायकोलाही दिली नाही!

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने कपाट उघडलं. नळाची बाटली जशीच्या तशी होती. विहिरीची डांबरासारखी काळी झाली होती. आतल्या खोलीत अश्विनी पाणी मागत होती. अरे देवा! हेच पाणी आपण पोरीला रोज आपल्या हाताने पाजत होतो!

बाटली घेऊन तो थेट करुणाताईंच्या घरी गेला. त्या घराची पायरी तो आज पहिल्यांदाच चढला होता.

"ताई, घाण आली कुठून?"

 "विहिरीजवळ नवा सेप्टिक टँक कोणाचा आहे, भाऊ?"

त्याचाच होता. विहिरीपासून वीस पावलांवर.

"तुम्हाले माहीत होतं? मग काल सगळ्याईसमोर माझं नाव काऊन नाही घेतलं?"

"गर्दी होती. जे काल माझ्या दारी आले, ते आज तुमच्या दारी आले असते. पण माझीबी चूक झाली, भाऊ. पहिल्याच रिपोर्टले विहीर बंद कराले पाहिजे होती. लोक काय म्हणतीन म्हणून मी भेलो. त्या दिवसात आणखी एक पोरगं बिमार पडलं. ते माझ्यावर आहे."

त्याच संध्याकाळी भूपेंद्र विहिरीच्या काठावर उभा राहिला. गल्ली जमली. त्याने काळी बाटली वर धरली आणि सांगितलं, "ताईनं काही टाकलं नाही. माझ्या टाकीची घाण विहिरीत उतरून राहिली. फोटो मी टाकला होता. माफी मी मागतो, ताईची आणि तुमची!" गजाननची मान खाली गेली.

आठ दिवसांत टाकी उपसून बुजवली. विहिरीवर जाळी आली, आणि पुढे करुणाताईंनी भोपाळपर्यंत पाठपुरावा करून दोन्ही मोहल्ल्यांसाठी रोजच्या नळाची एकच लाइन टाकून घेतली. अश्विनी महिन्याभरात शाळेत जायला लागली.

बंधू-भगिनींनो, खुर्चीवर बसलेल्या माणसाला जाब विचारणं हा आपला हक्कच आहे, तो कधी सोडू नका. पण प्रश्न तोंडावर विचारा, आणि उत्तर ऐकून घेण्याइतका वेळ द्या. माणसाची जात पाहून मनात जो संशय उगवतो, तो प्रश्न नसतोच. ती आपल्याच जुन्या पापाची भीती असते, आणि तिची किंमत आपल्याच घरातली लेकरं मोजतात!